सहाजण

फोतिनीची बोटं पार लाल झाली होती. ईस्टर आला की अख्खं घर अंडी रंगवायला बसायचंच. मग अथेन्समध्ये लष्कराने सत्ता बळकावलेली का असेना, पाचांहून जास्त जणांनी जमायला बंदी का असेना.

बिल्डिंगमधल्या काकू दरवर्षीसारख्या लाल अंडं न्यायला आल्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. “सहाजण दिसताय की.”

“मग मलाच पोलिसांत द्या, काकू,” दादा म्हणाला. “आई तरी कुठे पोटभर वाढते?”

फोतिनी खो खो हसली. काकू मात्र गंभीरच. “कॉलेजात भाषणं ठोकणारा तूच ना रे?”

आईने पुढे केलेलं अंडं न घेताच त्या निघाल्या. जिन्यावरची पावलं ऐकता ऐकता फोतिनीचं हसू विरलं. काकू खाली उतरत होत्या, आणि त्यांचं घर तर वरच्या मजल्यावर होतं.