शरयूच्या कानाचे सूर

"अजून जरासा उतरवा," शरयू म्हणाली. तिच्या नवऱ्याने, हेरंबने, संगणकावरच्या पियानोचा पंचम आणखी खाली आणला.

"हं, आता लागला!"

ऐकू येणं बंद झाल्यावर शस्त्रक्रिया करून कानात यंत्रकान बसवल्यापासून तिला बोलणं समजे, पण गाणं म्हणजे नुसता कलकलाट वाटे. म्हणून तो एकेक पट्टी तिच्या कानाप्रमाणे जुळवत होता. शेवटची पट्टी जुळल्यावर त्याने ती फाइल 'शरयू' या नावाने जतन केली आणि तिची आवडती भूपाळी वाजवली.

त्याच्या कानांना ती इतकी बेसूर लागली की अंगावर शहारा आला. शेजारच्या काकूंनी तर खिडकीच लावून घेतली. शरयूच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहू लागलं.

"अहो, किती सुरेल वाजवता! पुन्हा एकदा."

जन्मभर बेसुराला नाक मुरडणाऱ्या हेरंबने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि या खेपेस दोन कडवी जास्तच वाजवली.