मंगळवारची चूक

"आज काय निघालं, ताई?" लिंबाजीनं खिडकीतून विचारलं.

मंजुषानं दोन-चार कळा दाबल्या आणि छापलेला कागद त्याच्यापुढं धरला. 'ही नोंद दुसऱ्या कर्मचाऱ्याने उघडलेली असल्याने कुलूपबंद आहे. कृपया पुढील मंगळवारी पुन्हा प्रयत्न करावा.'

मग तिनं नेहमीसारखं समजावून सांगितलं. एकाच वहीत दोघं एकदम लिहायला बसले तर गिचमीड होईल; म्हणून पहिल्याचं काम संपेपर्यंत यंत्र दुसऱ्याला हात लावू देत नाही. लिंबाजीनं मान डोलावली.

"अक्षर जरा मोठं काढा, ताई. चतुराला बारीक दिसंना गेलंय."

तिनं मोठ्या अक्षरात दुसरा कागद काढला. त्यानं त्याच्या चार घड्या घातल्या, आतल्या खिशात ठेवला आणि राणीसावरगावची एसटी गाठायला निघाला. मागच्या फाटकानं स्टँड जवळ पडतो, शवागारावरून सरळ वाट आहे, हे तिनं त्याला कितीदा सांगितलं होतं. तो वळसा घालून पुढच्याच फाटकानं जायचा.

सात महिने हे चाललं होतं. दोन वर्षांपूर्वी त्याची लेक भक्ती घरातून निघून गेली. ती परभणीच्या या दवाखान्यात दिसली होती, असं कुणीतरी बऱ्याच दिवसांनी चतुराबाईच्या, म्हणजे तिच्या आईच्या, कानावर घातलं. चतुराबाईचं काळीज अधू, ती अंथरुणाला खिळलेली. तिचं औषध न्यायला लिंबाजी दर मंगळवारी यायचा आणि नोंदींच्या खिडकीशी थांबायचा. पोरगी आहे की नाही, एवढंच त्या माउलीला कळायला हवं होतं. यंत्र कधी दुरुस्त होईल, असं मात्र लिंबाजीनं एकदाही विचारलं नाही. गरीब माणसाला वाट बघायची सवय असते, असं मंजुषाला वाटायचं.

ती इथं लागून वर्ष झालं होतं. गणितात एम.एस्सी. केलेली, कमी बोलणारी, नेमकी बाई. नव्या माणसाला ती एकच गोष्ट शिकवायची: चूक दाखवणारा संदेश आला की पहिली ओळ वाचून घाबरायचं नाही. वरच्या ओळी नुसत्या आरडाओरडा करतात. खरं कारण शेवटच्या ओळीत असतं.

त्याच दुपारी नागेश आला. बाहेरच्या कंपनीचा हा चाळिशीतला माणूस महिन्यातून एकदा यंत्रणा तपासून जायचा. सगुणाबाई नावाच्या एका बाईची नोंद यंत्र घेत नव्हतं. 'अशी नोंद आधीच आहे' असं इंग्रजीत म्हणत होतं. मंजुषानं शेवटची ओळ दाखवली. नाव तेच, जन्मतारीख तीच, पण बाया दोन होत्या. त्या काळच्या गुरुजींनी अख्ख्या वर्गाला एक जून हीच तारीख लावून दिली होती. नागेश हसला.

मग त्याला टेबलावर बारीक अक्षरातला तो पहिला कागद दिसला.

"मॅडम, हे आपल्या यंत्रातलं नाही. आपला डेटाबेस इंग्रजीत ओरडतो." त्यानं कागद पुन्हा वाचला. "आणि त्याला वार कधीपासून कळायला लागला?"

मंजुषानं कागद त्याच्या हातातून घेतला. मग तिनं सांगितलं.

पहिल्या मंगळवारची चूक खरी होती. सर्व्हरशी जोडणीच होत नव्हती. घरी दाखवायला कागद द्या, असं लिंबाजी म्हणाला, म्हणून तिनं तो संदेश मराठीत लिहून दिला. दुसऱ्या मंगळवारी जोडणी झाली आणि नोंद उघडली. भक्तीचं नाव, वय बावीस, गाव राणीसावरगाव आणि त्याखाली 'मृत'. तिनं नोंद तिथंच बंद केली आणि पुन्हा उघडली नाही. खिडकीबाहेर म्हातारा आधीचा कागद तळहातानं सपाट करत उभा होता. तिनं त्याला आणखी एक चूक लिहून दिली. तेव्हापासून ती दर आठवड्याला नवी चूक लिहीत होती. जागा संपली, रकाना रिकामा आहे, वेळ संपली. या सगळ्या चुका जगात होतात. इथं त्यातली एकही झालेली नव्हती.

"तुम्हाला वाटायलंय तुम्ही दया करताय," नागेश म्हणाला. "त्याचा जीव टांगणीला लागलाय, मॅडम. बापाला कळायला पाहिजे."

तिला ते पटलं. तो आठवडा तिला नीट झोप लागली नाही.

पुढच्या मंगळवारी तिनं लिंबाजीला आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. एवढी सरबराई बघून तो अवघडला. आज काय मशीन सुधरलं का काय, असं म्हणून कसनुसा हसला. तिनं नोंद उघडली आणि पडदा त्याच्याकडं फिरवला.

त्यानं पडद्याकडं पाहिलं नाही. तो छपाईच्या यंत्राकडं बघत राहिला.

"काका, आजवर मी तुम्हाला जे कागद दिले, ते खरे नव्हते."

"हां."

"भक्तीची नोंद मला केव्हाच सापडली होती. काका, ती…"

"ताई," लिंबाजी हळूच म्हणाला. त्याचा हात आतल्या खिशावर होता. "चतुरा सकाळधरनं वाट बघायलीय. मोठ्या अक्षरात काढा."

तिला त्याच्याकडं बघवेना. तिनं पडदा पुन्हा आपल्याकडं वळवला. बोट आपोआप चाललं आणि नोंद खाली सरकत गेली. आजार, वेळ, डॉक्टरांची सही, दोन वर्षांपूर्वीची तारीख. मग शेवटची ओळ आली.

'मृतदेह ताब्यात घेणारे: लिंबाजी, राणीसावरगाव. नाते: वडील.'