गुळगुळीत तळ

चालक नसलेली शाळेची बस घाटातल्या पुलापाशी थांबली, कारण नदीची अभ्यासक मृण्मयी रस्त्यात उभी होती.

"बाजूला व्हा की बाई," बसमध्ये पोरांना सांभाळणाऱ्या सुशीलामावशी म्हणाल्या. "पाणी पुलाखालून जाईल, असं बस सांगतेय."

"बसला ते पूर-अंदाज केंद्राचं गणित सांगतं, मावशी. इथे म्हशीएवढे धोंडे आहेत. पाणी त्यांना अडतं, मंदावतं आणि फुगतं. पोरांना उतरवा."

तिने पुन्हा केंद्रात, ते गणित मांडणाऱ्या केळसकरांना फोन लावला.

"मॅडम, धोंडे धरले की गणित सुटत नव्हतं," ते शांतपणे म्हणाले. "म्हणून आम्ही तळ गुळगुळीत केला."

"नदीचा?"

"नकाशावरचा."

"आणि त्या नकाशावर तुम्ही पोरं पाठवता?"

तेवढ्यात गढूळ पाणी पुलाच्या कडेला लागलेलं मावशींनी पाहिलं. वाद सोडून त्यांनी दार उघडलं. "उतरा रे, दप्तरं राहू देत."

मृण्मयी शेवटच्या मुलीला उचलून बाजूला झाली. रस्ता मोकळा दिसताच रिकामी बस पुलावर निघाली. मध्यावर लोंढ्याने तिला आडवं केलं आणि कठड्यासकट ओढून नेलं.

"मॅडम," फोनवर केळसकर म्हणत होते, "पडद्यावर पूल कोरडा आहे. बस पलीकडे पोचलीसुद्धा."