रस्त्याकडच्या खिडक्या

जुनं घर होतं तसं जपलं असेल, तर घरपट्टी निम्मी होणार होती. नाहीतर घर विकण्यावाचून काकूंना गत्यंतर नव्हतं. म्हणून घरपट्टीचे साहेब तपासणीला आले, तेव्हा काकू त्यांच्याबरोबर रस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या.

"वरच्या मजल्याला रस्त्याकडे आठ खिडक्या. जुन्या नकाशात तशी नोंद आहे," साहेब म्हणाले. "एक जरी बुजवली असेल, तरी सवलत विसरा. प्रत्येक खिडकीतून कुणीतरी हात बाहेर काढून दाखवा."

काकू चाळीस वर्षं सात खिडक्या पुसत आल्या होत्या. रस्त्यावर उभं राहून त्या मोजायला सवड कुणाला होती?

"अहो, वर जा आणि एकेका खिडकीतून रुमाल हलवा," त्यांनी काकांना फर्मावलं.

"या वयात माकडचेष्टा करायला लाव मला," असं पुटपुटत काका जिना चढले.

भर उन्हातून आतलं काही दिसत नव्हतं. दिसत होता तो फक्त बाहेर काढलेला हात आणि पांढरा रुमाल. साहेब मोठ्यानं मोजत होते. "सात" ऐकल्यावर काकूंनी डोळेच मिटून घेतले.

"आणि ही आठ!" साहेबांनी अर्जावर शिक्का मारला. "काकांना म्हणावं, पुरे आता."

काकूंच्या जिवात जीव आला. तेवढ्यात काका रुमालानं घाम पुसत दारातून बाहेर आले.

"सातच आहेत गं. मी तरी काय करू?"

साहेबांनी वर पाहिलं आणि अर्ज घाईघाईनं काकूंच्या हातात कोंबला. "आतून तपासायची काही गरज नाही, काकू."

आठव्या खिडकीतला रुमाल आता हलायचा थांबला होता. तो हात काकूंना वर बोलावत होता.