वर मारलं की आऊट

वीर बॅट घेऊन उभा राहिला आणि इकडे त्याचा बाप, धर्मराज, खुर्चीच्या टोकाशी सरकला. शॉमबर्गच्या हायस्कूलची बेसबॉल टीम एका रनने मागे होती, दोन पोरं बेसवर खोळंबली होती आणि, धर्मराजच्या क्रिकेटी भाषेत, शेवटची विकेट उरली होती. जमिनीलगत एक सणसणीत फटका बसला की मॅच खिशात. आणि तसा फटका मारण्यात वीरचा हात धरणारा अख्ख्या इलिनॉयमध्ये कोणी नाही, असं धर्मराजचं मत होतं. ते त्याने कोणी न विचारता सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

ग्राउंडही असं, की वीरच्या मापाने शिवून घेतलेलं. समोरचं कुंपण कुठल्या कुठे, त्यापलीकडे मोकळं रान आणि तिकडून थेट तोंडावर येणारा वारा. बाकीच्या पोरांनी जीव खाऊन बॉल वर उचलायचा आणि वाऱ्याने तो परत आणून समोरच्याच्या हातात द्यायचा. वीरचा बॉल मात्र गवत घासत सुसाट सुटायचा. शाळेच्या कोचने चार वर्षांत त्याच्या बॅटिंगला हात लावला नव्हता. चाललंय ना बरं, मग कशाला उगाच!

आज मात्र शेजारच्या खुर्चीत कोच हॅनिगन बसले होते. आयोवातल्या कॉलेजचे. त्यांच्या टीममध्ये एकच जागा शिल्लक होती आणि वीरला ती हवी होती. दुसऱ्या सहा कॉलेजांनी गोड शब्दांत नकार कळवला होता. बायकोने, उपासनाने, केलेला चिवडा धर्मराजने हॅनिगनच्या हातात जवळजवळ कोंबलाच होता. माणूस खातही होता, म्हणजे आशेला जागा होती.

तेवढ्यात हॅनिगननी वही मिटली.

"पोरगा गुणी आहे, अंगात ताकदही आहे," ते म्हणाले. "पण आमचं ग्राउंड लहान. आम्हाला बॉल उचलणारा लागतो. जमिनीवरचे फटके तिथे सगळे अडतात. आणि हा तर एकदासुद्धा वर मारत नाही. शिकवलं कोणी याला?"

"मी!" धर्मराज छाती काढून म्हणाला. आणि म्हणताक्षणीच त्याचा चेहरा पडला.

कारण त्याला ते घरामागचं अंगण आठवलं. वीर पाच वर्षांचा होता. कुंपणापलीकडे एका गोऱ्या आजींची काचेची खोली होती, आणि धर्मराज तेव्हा एच-वन व्हिसावर होता. काच फुटली तर आपल्याला सहकुटुंब डिपोर्ट करतील, असं या इंजिनियर माणसाला अगदी मनापासून वाटायचं. म्हणून त्याने नागपुरातल्या इंदोऱ्याच्या गल्लीतला नियम जसाच्या तसा शॉमबर्गला लागू केला. बॉल कुंपणाबाहेर गेला की आऊट. शिवाय बॉल आणायलाही तूच जायचं आणि सॉरीही तूच म्हणायचं. पुढे ग्रीन कार्ड आलं, आजी फ्लोरिडाला गेल्या, पण नियम रद्द करायचा राहूनच गेला. पोराच्या हातात तो मुरला होता.

हॅनिगन टोपी घालून उठत होते. धर्मराज धावत जाऊन जाळीला लटकला.

"वीर! अबे, वर मार! तो नियम मी कॅन्सल केला! बाहेर गेला तरी आऊट नाही!"

अख्खं ग्राउंड वळून बघायला लागलं. उपासनाने गॉगल चढवला आणि ती दोन खुर्च्या लांब जाऊन बसली. धर्मराजचा मित्र धम्मदीप त्याचा शर्ट ओढत म्हणाला, "यार धर्मा, वेड लागलं का? इथे खालूनच मारायचाय!"

"मॅच गेली खड्ड्यात!"

"बाबा, स्टॉप! प्लीज!" वीरचे कान लाल झाले होते. मग त्याची नजर उभ्या राहिलेल्या हॅनिगनवर गेली. तो एक क्षण थांबला. पाय थोडे फाकवले, खांदा खाली घेतला.

बॉल आला आणि वीरने तो खालून उचलला. असा आवाज त्या बॅटमधून कधी आला नव्हता. बॉल वर गेला, आणखी वर गेला. आपल्या पोराचा बॉल मान वर करून बघायची ही धर्मराजची पहिलीच वेळ, त्याचे डोळे भरून आले. लोक उठून उभे राहिले.

मग वाऱ्याने आपलं काम केलं. बॉल आभाळात अडखळला, मागे सरकला आणि कुंपणाशी उभ्या असलेल्या पोराच्या ग्लोव्हमध्ये निमूट येऊन बसला. आऊट. मॅच खलास.

वीरने हेल्मेट जमिनीवर आपटलं. इतर आईबाप धर्मराजकडे असे बघत होते, की त्याला वाटलं, त्या वेळी डिपोर्ट केलं असतं तर बरं झालं असतं.

"झालं समाधान?" उपासना लांबूनच म्हणाली.

धर्मराजला हॅनिगनकडे बघायचीही हिंमत होईना. ते मात्र अजून आभाळातच बघत होते. मग ते परत खुर्चीत बसले आणि त्यांनी वही उघडली.

"आमच्याकडे हाच बॉल कुंपणापलीकडच्या पार्किंगमध्ये पडला असता," ते म्हणाले. "मला गाडी लावायला दुसरी जागा बघावी लागणार. फॉर्म कोणत्या ईमेलवर पाठवू?"

मॅच हरलेल्या त्या गर्दीत, स्वतःचा पोरगा आऊट झाला म्हणून नाचणारा बाप शॉमबर्गने त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.