आठानंतर एक

“तुमच्या बायांले सम सापडत नाही,” असं सगळ्यांसमोर म्हणून तबलजी देवानंद जुन्या शहरातल्या माणिकबाईंच्या भजनी मंडळातून उठून गेला. स्पर्धा पंधरा दिवसांवर होती.

माणिकबाईंच्या सुनेनं, रागिणीनं, लॅपटॉपवर ताल वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आज्ञांचे चौकोन मांडले, ते रेघांनी एकमेकांना जोडले आणि ठेका तयार केला. आठ मात्रा मोजायच्या, की परत एक. पण पहिल्याच दिवशी माणिकबाईंनी टाळ थांबवले.

“रागिणी, तुहं मशीन आठानंतर नववी मात्रा वाजवून राहिलं.”

रागिणीनं तपासलं. आकडा नऊ झाल्यावरच मोजणी मागं फिरत होती, म्हणून ती जास्तीची मात्रा पडत होती. तिनं मोजणी आठवरूनच एकाकडे वळवली. मग अकरा बाया अर्धा तास गायल्या, आणि दर फेरीला समेवरच, पहिल्या मात्रेवरच, आल्या.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी देवानंद आला. “चला, वाजवून देतो. माह्याबिगर भागणार नाही तुमचं.”

“वाजव ना. फक्त या मशीनसंगं वाजव,” माणिकबाई म्हणाल्या.

चौथ्या फेरीत तो लयीच्या पुढे पळाला. सातव्या फेरीत सगळ्या बाया समेवर आल्या आणि तो भलतीकडेच. त्यानं हात थांबवला. कोणी हसलं नाही.

माणिकबाईंनी तबला-डग्गा बाजूला सरकवला आणि आपले टाळ त्याच्या हातात दिले.

“मागं बस, भाऊ. जमते हळूहळू. आमी शिकवू तुले.”