खिडकीबाहेरचं साखरपाणी

शहाऐंशी सालचा टेक्ससमधला उन्हाळा. इवल्याशा हमिंगबर्ड पक्ष्यांसाठी टांगलेलं साखरपाणी दोन दिवसांत गढूळ होऊन आंबायचं. असलं पाणी त्यांना बाधतं, म्हणून कुमुद रोज सकाळी बाटली गरम पाण्याने घासायची आणि साखरपाणी उकळून, गार करून नवऱ्याच्या खिडकीबाहेर टांगायची. पक्षाघातानंतर प्रताप पलंगावर नुसते पडून होते. बोलणं नाही, ओळख नाही.

सुट्टीत आलेली लेक एकदा वैतागली. "आई, इनफ! बाबांना ते बर्ड्स दिसतसुद्धा नाहीत. कशाला एवढं करतेस?"

कुमुद बाटली घासतच राहिली.

"बाबांसाठी नाही गं. पाणी आंबलं तर पक्षी यायचे बंद होतील. मग या घरी कोण येणार?"